पुंगळ्यातली आंबील

मार्गशीर्ष उतरणीला लागला की नांदेडच्या आमच्या घरात मला आंबट वास येऊ लागतो. वास यावा असं घरात काहीच नसतं. या घरात ज्वारीचं पीठ ताकात भिजत घालणारी मी एकटीच होते आणि गुडघे गेल्यापासून तेही बंद आहे. पण सकाळी दाराशी हातगाडीवर तुरीच्या ओल्या शेंगा दिसल्या, हरभऱ्याच्या जुडीची आंब बोटांना लागली, की नाक आपोआप लातूरच्या दिशेला वळतं. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "आली वाटतं तुझी येळवस."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. हे नांदेड शहरात वाढलेले, रेल्वेच्या ऑफिसात जन्म घालवलेले. त्यांना आजवर उलगडलं नाही की ऐन कामाच्या दिवशी अख्खं लातूर दुकानांना कुलपं लावून शेतात जेवायला कसं जातं. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यावर संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागे रानात गेलेली असतात. माझे वडील शाळामास्तर, आम्हाला वावभर जमीन नव्हती, तरी आम्ही दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवलो. कारण त्या दिवशी बांधावर आलेल्या माणसाला कोण, कुठला, असं विचारत नाहीत. जेवायला बसवतात. आणि आलेल्या माणसाला कशालाच नाही म्हणत नाहीत.

हे शेवटचं वाक्य नीट ध्यानात ठेवा. मी ते लहानपणीच ठेवलं होतं आणि पुढं त्याचा वापर केला.

या वर्षी अमावस्येच्या आधी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज म्हातारा होता आणि फोनवर बोलतानाही शेताच्या त्या टोकाला ऐकू जावं इतका मोठा होता.

"कोन? पुंगळंवाल्या बाई का?"

मी इतिहासाची निवृत्त प्राध्यापिका. निम्मं शहर मला मॅडम म्हणतं. पण इतकी अचूक हाक मला आजवर कुणी मारली नव्हती. मी म्हटलं, "हो."

"मी प्रयाग बोलती. रेणापूरकडची. नातसुनंनं तुमच्या कालिजातनं लंबर काढला. वळखलीस का?"

ओळखलं नसतं तर बरं झालं असतं. पूर्वी भेटली तेव्हा ती मला 'तुमी' म्हणाली होती. मधल्या वर्षांत आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो आणि ती 'तू'वर आली. ते मला बरं वाटलं आणि त्याच दमात भीतीही वाटली, कारण 'तू' म्हणणाऱ्या बाईपुढं मॅडमपण चालत नाही.

"रान चाललं बग बाई. तितं प्लाट पडनारेत. पोरांनी मला इचारून केलं, मीबी हाव म्हनले, आता कोन राबनार? ही शेवटची येळवस. तेवढं पुंगळं हाय का अजून? का मोडीत घातलंस?"

"आहे, आहे."

"मग घिऊन ये. एकडाव त्यातनं आंबील शिपडू दे रानावर. मामाच्या नावानं."

मामा म्हणजे तिचे सासरे. फोन ठेवला. ह्यांनी विचारलं, "कुणाचा?" मी म्हटलं, "माझ्या पापाचा." त्यांना वाटलं, विमा कंपनीचा असेल.

आमच्या घरात एक खोली आहे. तिला मी 'चाळीस सालची खोली' म्हणते आणि नातवंडं 'भुताची खोली' म्हणतात. तिच्यात रंगीत काचांची एक खिडकी आहे, पण ती भिंतीत नाही, भिंतीला टांगलेली आहे. तिच्यातून ऊन येत नाही, म्हणून तिच्यामागे मी बल्ब लावला आहे. छताला काचेची हंडी. खाली जाजम, त्यावर लोड-तक्के, पानदान, पिकदाणी. त्यात पान नाही आणि पिंक टाकायची कुणाची हिंमत नाही. विजेचा पंखा मी काढायला लावला होता, कारण त्या काळच्या दिवाणखान्यात दोरीनं ओढायचा कापडी पंखा असे. तो कापडी पंखा मी शिवून घेतला, टांगला, आणि ओढायला कुणी नाही हे नंतर ध्यानात आलं. नांदेडच्या मे महिन्यात त्या खोलीत बसलेले हे म्हणाले होते, "बाकी सगळं निजामाच्या काळातलं आहे, फक्त घाम आजचा आहे."

या खोलीच्या कोनाड्यात, खास उजेडाखाली, ते पुंगळं उभं होतं. तोफेच्या गोळ्याची रिकामी पितळी पुंगळी, वीत-दीड वीत उंच, तोंडाशी तांबटानं बसवलेली कडी. आरशासारखं लखलखीत. त्यात मी माझं म्हातारं तोंड पाहिलं. उभं, ताणलेलं, चोरासारखं दिसत होतं. पुंगळ्यात सगळेच तसे दिसतात, पण त्या दिवशी मला ते खास माझ्यासाठी वाटलं.

तर ती पोरगी. म्हणजे मी. तिशीतली. तिचा विषय होता, मोठ्या लढाईच्या काळात मराठवाड्यातली घरं आतून कशी होती. विषय चांगला होता, अजूनही मला आवडतो. दिवाणखान्याच्या लाकडी छतावर, म्हणजे तक्तपोशीवर, कसली वेलबुट्टी होती, माळवदाला कडीपाट कसा घालत, रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा हंड्या उतरवून कुठं ठेवल्या, लढाईवर गेलेला माणूस परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेतलं काय घरात कुठं जाऊन बसलं. हे शेवटचं मला सगळ्यात गमतीचं वाटे. लढाई ब्रह्मदेशात झाली, मिसरात झाली, पण ती आमच्याकडे स्वयंपाकघरात येऊन राहिली. दारूगोळ्याच्या पेटीत पापड. हवाई छत्रीच्या रेशमाचं आरशावरचं झाकण. जळकोटकडे एका अंगणात लोखंडी टोप उताणा पडला होता आणि त्यात कोंबड्या पाणी पीत होत्या. मी त्या घरच्या बाईला स्टीलचं पातेलं दिलं आणि टोप घेतला. कोंबड्या काही दिवस पातेल्याजवळ जाईनात, कारण ते उन्हात चमकायचं. हे मला पुढं तिथल्याच एका विद्यार्थ्यानं सांगितलं आणि मी हसले. तेव्हा मी खूप हसायचे.

कशी दिसत होती ती? खांद्याला शबनम, गळ्यात कॅमेरा, हातात मापाचा टेप, आणि डोळ्यांवर मोठ्या काचांचा गॉगल. तो गॉगल तिनं हैदराबादेत घेतला होता आणि आपण त्यात फार अभ्यासू दिसतो असं तिला वाटे. खेड्यातली पोरं मागून ओरडत, "डोळंवाली आली, डोळंवाली आली." तिला वाटे, कौतुक चाललंय.

उदगीरच्या बाजूला एका घरात भिंतीत बांधलेलं बळद होतं. धान्य साठवायची भिंतीतली पोकळी, वरून तोंड, खाली बोळकं. घरातली आजी म्हणाली, रझाकारीच्या धामधुमीत मला माझ्या आयनं ह्यात बसवलं व्हतं. मी टेप काढला. लांबी घेतली, रुंदी घेतली, खोलीसाठी हात घालून अंदाज घेतला. मग विचारलं, "आजी, आतला गिलावा मातीचा होता का चुन्याचा?"

आजी म्हणाली,

"अंधार व्हता माय. गिलावा कोन बघतंय? मी माझा दम धरून बसले व्हते."

मी लिहून घेतलं, 'गिलावा – माहिती उपलब्ध नाही.'

आता नातवाला झोपवताना कधी दिवा मालवते, तेव्हा ते वाक्य अंधारात माझ्या शेजारी येऊन बसतं. ती पोर आत किती वेळ होती, तिला खोकला आला होता का, बाहेर आली तेव्हा पहिल्यांदा काय पाहिलं, हे मी विचारलं नाही. माझ्याकडे तिच्या भीतीची फक्त लांबी-रुंदी आहे.

पण पुंगळ्याची गोष्ट याहून वाईट आहे, कारण ती मी वर्षानुवर्षं विनोद म्हणून सांगितली. पाहुणे आले की खोली दाखवायची, कोनाड्यापाशी थांबायचं आणि म्हणायचं, "हे मी फक्त तीनदा 'किती सुंदर' म्हणून मिळवलं." पाहुणे हसायचे. हेही हसायचे. परवाच्या फोनपर्यंत मला त्यात हसण्यासारखं वाटत होतं, हे लिहितानाही कान गरम होतात.

त्या येळवशीला मी रेणापूरजवळच्या एका गावात रंगवलेली तक्तपोशी बघायच्या निमित्तानं गेले होते. दिवस मुद्दाम तो निवडला होता. घरं बंद असणार, माणसं रानात असणार, आणि रानातली माणसं त्या दिवशी कशी असतात हे लातूरच्या पोरीला ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर, कणसात दूध भरलेलं. वाऱ्यानं पानं एकमेकींवर घासत होती. करडईच्या काट्यांनी माझ्या पातळाची किनार धरली. एका बांधावरून हाक आली.

"ओ बाई! उपाशी कुटं निघालाव? या की हिकडं!"

ती प्रयाग. माझ्याहून थोडी मोठी, डोक्यावर पदर, हाताला भाकरीचं पीठ. मला तिनं हाताला धरून कोपात नेलं.

कोप म्हणजे ज्वारीच्या कडब्याची खोप. पेंढ्या उभ्या करून वर एकत्र बांधलेल्या, आत दोन-चार माणसं वाकून बसतील एवढी जागा. बाहेरून शाल पांघरलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडलेले, त्यांच्यावर कावेचे ठिपके, पुढं दिवा. कडब्याच्या फटींतून ऊन गाळून येत होतं आणि पांढऱ्या दगडांवर त्याच्या बारीक काड्या पडल्या होत्या. वाळल्या ताटांचा गोडसर वास, त्यावर आंबिलीतल्या लसणाचा, त्यावर धुराचा. मी आयुष्यभर जुन्या घरांची अंतरंगं बघितली, रंगीत काचांवर पानंच्या पानं लिहिली. पण रंगीत काच न लावता ऊन असं कापून आत आणलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. आणि या खोलीचं मी रेखाचित्र काढलं नाही. माप घेतलं नाही, फोटो घेतला नाही. कारण ती जुनी नव्हती. आदल्या दिवशी बांधलेली होती आणि सणानंतर बैलापुढं पडणार होती. दरवर्षी नवी होणारी वस्तू किती जुनी असू शकते, हे डोळंवालीला गॉगलातून दिसलं नाही.

तिला दिसलं ते पुंगळं.

बाहेरून हातांनी आणि धुरानं काळसर झालेलं, आतून कल्हईनं पांढरं. प्रयागच्या सासऱ्यांनी, मामांनी, ते आंबिलीनं भरून घेतलं. काटक म्हातारा, अंगात भोकं पडलेला खाकी स्वेटर. लढाईत तोफेवर होते. ब्रह्मदेशातून येताना हे घेऊन आले आणि लातूरच्या तांबटाकडून कडी बसवून घेतली. कडुलिंबाची डहाळी बुडवून ते ज्वारीवर आंबील शिंपडत निघाले. मागून घरातली माणसं मोठ्यानं सणाची आरोळी देत होती, पोरं किंचाळत होती, मामा मात्र गप्प. डहाळी बुडवायची, शिंपडायची, थेंब कुठं पडले ते वाकून बघायचं, मग पुढचं पाऊल.

मी मागोमाग. "मामा, तोफ कुठली होती हो?"

त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं.

मग ते डहाळीकडे बघत म्हणाले, "ह्यातनं एकडाव जे भायेर पडलं ते कुटं जाऊन पडलं, मला ठावं न्हाई. आंबील पडती ती दिसती."

हे मी लिहून घेतलं नाही. ते तसंच राहिलं, लिहिलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त दिवस.

जेवण झालं. ओल्या शेंगांची भज्जी, उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, वर आंबील. मी वाटीभर प्यायले आणि मग कामाला लागले. "किती सुंदर आहे हो हे," मी म्हटलं. मामांनी हात धुतले. "असं मी कुठंच पाहिलं नाही. किती सुंदर." प्रयागनं भाकरीची चवड झाकली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मामांनी पुंगळं उपडं केलं, उरलेले थेंब मातीवर पडू दिले आणि विचारलं, "पायजे का?"

"म्हणजे... अभ्यासासाठी."

त्यांनी सुनेकडे बघितलं. तिनं खाली बघितलं.

"न्या. आज आलेल्या मानसाला न्हाई म्हनत नसतेत." आणि सुनेला म्हणाले, "रिकामं दिऊ नगं गं."

प्रयागनं ते पुंगळं पुन्हा काठोकाठ भरलं, तोंडावर पळसाचं पान ठेवून दोऱ्यानं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. ते जड होतं आणि गार होतं.

फाट्यापर्यंत मी ते छातीशी धरून चालले. आनंदानं पाय जमिनीला लागत नव्हते. पान हलत होतं, आंबिलीचे ओघळ माझ्या पातळावर येत होते. एसटी लांबून येताना दिसली. गच्च भरलेली असणार, लातूरला उतरून पुढं नांदेडची गाडी धरायची, शबनममध्ये कॅमेरा. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि बाभळीच्या बुंध्याशी ती सगळी आंबील ओतून दिली. पान फेकलं. पुंगळं रुमालात गुंडाळलं आणि गाडीत चढले. वाटेत ध्यानात आलं की गॉगल कुठंतरी पडला. त्या गॉगलाची हळहळ मला नांदेडपर्यंत पुरली.

घरी आल्यावर चिंच आणि राख घेऊन बसले. वरचा काळा थर गेला, बुडाचे ठोकलेले आकडे दिसले, मी टाळ्या वाजवल्या. आतली कल्हई मात्र निघेना. ती मी काचकागदानं घासून घासून काढली, कारण ती 'मूळची' नव्हती. माझी बोटं सोलली. पुढं एका मासिकात लेख आला, पुंगळ्याच्या फोटोसकट. त्यात एक वाक्य आहे, 'स्थानिकांनी अज्ञानापोटी त्यावर कथिलाचा थर चढवला होता.' अज्ञानापोटी! आंबट पितळेत घातलं तर कळकतं, हे माझ्या आईनं मला परकर नेसायच्या वयात शिकवलं होतं. ती बिचारी माणसं दर येळवशीच्या आधी कल्हई करून घेत होती, कारण त्यातून माणसं पिणार होती. आणि ही शिकलेली बाई लिहिते, अज्ञानापोटी. तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते, पण कान माझेच आहेत आणि आता त्यांत मशीन आहे.

तर या वर्षी मला आधी कल्हईवाला हवा होता. आपणच खरवडून काढलेलं कथील परत चढवायला. नांदेडच्या जुन्या बाजारात रिक्षा घेऊन फिरले. भांड्यांचे दुकानदार म्हणाले, "आजी, आता नॉनस्टिक घ्या." शेवटी एका बोळात एक माणूस सापडला. लग्नातले मोठे हंडे समोर मांडून भाता हलवत होता. त्यानं पुंगळं हातात फिरवलं.

"अम्मा, फूलदान है क्या ये? फूलदान को कलई कौन करते?"

"आंबील ठेवायची आहे. खट्टी चीज."

"तो स्टील का डब्बा लो ना."

"डब्बा चालत नाही रे बाबा. हेच पाहिजे."

त्यानं निखाऱ्यावर ते तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर नाकातोंडात गेला आणि मला खोकल्याची उबळ आली. धुरातून बघितलं तर कापसाच्या बोळ्याखाली कथील आतून चंद्रासारखं पसरत होतं. बाहेरचं पितळ मात्र तापून काळं-निळं पडलं. तो म्हणाला, "घिसके चमका देतूं." मी म्हटलं, "राहू दे. काळंच राहू दे." त्याला वाटलं, म्हातारी पैसे वाचवतेय.

हे म्हणाले, "मीही येतो." जन्मात पहिल्यांदा. भाड्याची गाडी केली. लोह्याच्या पुढं रस्त्यावर माणसांची रांगच होती, डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर पांढरी फडकी, मोटारसायकलवर तिघं-तिघं आणि मधल्याच्या मांडीवर गाडगं. मी पुंगळं मांडीवर घेऊन बसले होते. ह्यांनी विचारलं, "परत देऊन टाकणार?" मी म्हटलं, "हो. सुटेन एकदाची." तेव्हा मला खरंच वाटत होतं की वस्तू परत केली की माणूस सुटतो.

रानाच्या कडेला प्लॉटचे दगड रोवून झाले होते. पांढऱ्या चुन्यानं रंगवलेले. लांबून मला ते कोपातल्या दगडांसारखे वाटले. मधोमध ज्वारी मात्र तशीच उभी, तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. कोपापाशी खाटेवर प्रयाग बसली होती. वाळून एवढीशी झालेली, दात नाहीत, पण आवाज तोच.

"आली का पुंगळंवाली! आन ह्ये कोन, मालक का? या दादा, बसा. बायकूनं सुखात ठिवलं न्हाई वाटतं, लई वाळलाव."

ह्यांना असं कुणी बोललेलं नाही. ते खूश होऊन चवड्यांवर बसले.

मी पुंगळं तिच्या हातात दिलं. तिनं आधी आत बघितलं. बोट घालून कल्हई चाचपली. मग बाहेरून हात फिरवला, कडीपासून बुडापर्यंत, जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा. नातसुनेनं त्यात आंबील भरली. प्रयागला धरून उठवलं. ती डहाळी बुडवून शिंपडत चालली, चार पावलं, थांबायची, पुन्हा चार पावलं. पोरं ओरडत होती. ती गप्प होती आणि थेंब कुठं पडतात ते वाकून बघत होती. हुबेहूब मामांसारखी. प्लॉटच्या दगडापाशी आली तेव्हा तिनं दगडावरही शिंपडलं. नातू हसला, "आज्जे, त्यो पांडव न्हाई." ती म्हणाली, "असू दे. तितंबी कुनीतरी ऱ्हायला येनारच हाय."

मग आम्ही दोघी कोपात जाऊन बसलो. ऊन तसंच, काड्या-काड्यांनी दगडांवर. मी म्हटलं, "प्रयागबाई, मामांना मी फार वाईट..."

"मामा त्या सालापसनं कोपात आत बसले न्हाईत," ती सहज बोलली, जसं पाऊस कमी झाला म्हणावं. "तांब्यानं शिपडायचे आन भायेर बसायचे. पुढं लई येळवशी काडल्या न्हाईत त्यांनी."

मी जाजमासारखी पसरून गेले. मग तिनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"तुजा गागल इसरला व्हता हितं."

"काय?"

"काळा गागल. तू गेलीस आन ह्यो हितं पडला व्हता. म्हनून पळत आले तुज्या मागं, फाट्यापतूर. तू बाबळीखाली आंबील वतून राहिली व्हतीस."

बाहेर हे भज्जी मागत होते ते कोपात ऐकू आलं.

"मग... मामांना सांगितलंत?"

"सांगते का मी! मामांनी इचारलं, बाईनं आंबील काय केली गं? म्हनलं, उभ्या उभ्या प्याली समदी. लई आवडली म्हनली." ती बोळक्या तोंडानं हसली. "येवढंच ऐकून जरा भाकर खाल्ली त्यांनी."

म्हणजे माझ्या वाटणीचं खोटं इतकी वर्षं ती सांभाळत होती आणि मी माझ्या वाटणीचा विनोद सांगत होते. मी पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "रडू नगं. गागल बुजगावन्याला घातला व्हता आमी. लई वर्सं टिकला. पाखरं येत नव्हती."

मला हसू फुटलं आणि ते रडण्यातच मिसळलं. माझ्या खोलीत त्यांचं पुंगळं उजेडाखाली उभं होतं, तेव्हा त्यांच्या रानात माझा गॉगल पाखरं हाकत होता. दोघांपैकी कामाला कोण आलं, हे सांगायला इतिहासाची प्राध्यापिका नको.

निघायची वेळ झाली. उन्हं कलली होती, पोरं हेंडगा, म्हणजे कडब्याची मशाल, पेटवून रानाभोवती फिरवायच्या गडबडीत, ती कुणी धरायची यावरून भांडणं. मी पुंगळं तसंच दगडांपाशी ठेवून उठले. प्रयागनं ते उचललं आणि नातसुनेला म्हणाली, "भर गं काटुकाट."

"नको, प्रयागबाई. मी परत द्यायला आणलंय. तुमचं आहे."

"रान न्हाई तर म्या काय करू ह्याला? आंबील वताया माती लागती. पोरांच्या फ्ल्याटात काय, फरशीवर वतू?" पळसाचं पान तिनं स्वतः बांधलं, पहिली सैल बसली म्हणून गाठ दोनदा मारली. "तुज्या दारात झाड हाय का?"

"कडीपत्ता आहे. पेरू आहे."

"झालं मग."

"पण प्रयागबाई, मला हे..."

तिनं पुंगळं माझ्यापुढं धरलं आणि डोळे बारीक केले. तिच्यात किती खोडसाळपणा आहे, हे मला तेव्हा कळलं.

"आज काय हाय?"

"येळवस."

"मग? न्हाई म्हनतीस का?"

मी दोन्ही हात पुढं केले. ते जड होतं आणि गार होतं.

गाडीत ते मांडीवर घेऊन बसले. कच्च्या रस्त्याला खड्डे, पान भिजून मऊ झालेलं, आंबील माझ्या साडीवर, मनगटावर, घड्याळात. तळहातानं तोंड दाबून धरलं तरी बोटांतून येत होती. मागं अंधारात रानाभोवती जाळाचे ठिपके फिरत होते. हे म्हणाले, "साडीचं वाटोळं झालं तुझ्या." मग बाहेर बघून म्हणाले, "तो बघ फाटा आला. बाभळीखाली चांगली टपरी दिसतेय. थांबून चहा घ्यायचा का? तोवर तेही खाली ठेव, हात अवघडले असतील."

"चहा पुढं घेऊ," मी म्हटलं. "फाट्यावर नको."